दोन दारांपुरता रंग

आखाडा बाळापूरच्या बाजारात कोणालाही विचारा, वसराम पेंटरचा अंदाज चुकत नाही म्हणून सांगेल. आणि त्याच वसरामला स्वतःच्या घराला किती रंग लागतो हे काही केल्या कळत नाही, असं त्याच्या तांड्यात कोणालाही विचारा, तेही सांगतील, वर हसतील. लोकांचं काय, लोकांना हसायला निमित्त लागतं. पण हसणाऱ्यांनी एकदा तरी त्या घरासमोर नीट उभं राहायला हवं होतं.

घर लांबुळकं, बापानं बांधलेलं. वर पत्रे, समोर एकच सलग भिंत, आणि त्या भिंतीला दोन दारं. डावीकडच्या दारात थोरला थावरा, उजवीकडच्या दारात धाकटा वसराम. अंगण एक, अंगणातला कडुलिंब एक, आणि दोघा भावांत अबोला.

अबोल्याचं सांगतो. थावरा ऊसतोडीला जायचा. दिवाळी झाली की तांड्यात ट्रक यायचा, अर्धा तांडा भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या घेऊन सांगली-कोल्हापूरकडं निघायचा, तो उन्हं तापायला लागल्यावरच परतायचा. वसराम त्यातून सुटला होता. नांदेडला एका पेंटरच्या हाताखाली राहून तो रंगाचं काम शिकला होता. तर त्या साली थावरा आणि त्याची बायको बेबीबाई तिकडं उसाच्या फडात, आणि इकडं आई गेली. त्या काळात मोबाइल कुठले? वसरामनं बाळापूरला जाऊन फोन लावला, तिकडं कारखान्याच्या गेटवर कोणीतरी निरोप घेतला, आणि तो निरोप फडावर पोचेपर्यंत दिवस मावळला. तांड्यातले जाणते म्हणाले, आता किती वेळ ठेवायचं? सगळे वसरामच्या तोंडाकडं बघायला लागले. वसराम म्हणाला, "उचला."

थावरा आला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. आईच्या रिकाम्या खाटेपाशी तो बराच वेळ उभा राहिला. मग धाकट्याला म्हणाला, "मला आईचं तोंड बी दाखवलं न्हाईस." त्यानंतर तो वसरामशी बोलला नाही.

आता यात चूक कोणाची? मयत किती वेळ घरात ठेवणार, आणि निरोप वाटेत कुठं अडकला हे कोणाला ठाऊक? पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. थावराचं जळत होतं. आणि वसरामचं काय होत होतं ते तर कोणी विचारलंही नाही, कारण "उचला" तोच म्हणाला होता.

बायकांचं मात्र चालू होतं, बरं का. वसरामची बायको कमलबाई आणि बेबीबाई पाण्याला संगं जायच्या, एकीच्या घरचं मीठ सरलं की दुसरीच्या घरून यायचं. लेकरं दोन्ही दारांतून खुशाल आत-बाहेर करायची. बापे तेवढे एकमेकांना बघून माना फिरवायचे. बाप्यांना काय, मान फिरवली की झालं काम.

वसरामचा धंदा मात्र तोवर चांगला बसला. त्याची एक पद्धत होती. घर रंगवायचं म्हणून कोणी बोलावलं की तो आधी चहा प्यायचा, मग तांब्याभर पाणी मागायचा आणि भिंतीवर शिंपडायचा. घरवाल्याला वाटायचं, हा पूजा करून राहिला का काय. वसराम बघायचा भिंत पाणी कशी पिते ते. नवं प्लास्टर घटाघटा पितं. जुन्या चुन्याची भिंत आधी नखरे करते, मग पिते. पावसाच्या तोंडाची भिंत कितीही पाजा, तहानलेलीच. मग तळहातानं ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचा, दारं-खिडक्या वजा करायचा, पहिला हात जास्त खातो, दुसरा हात कमी खातो हे मनात धरायचा, आणि सांगायचा एवढा आणा. तेवढाच पुरायचा.

हे शहाणपण त्याला फुकट आलं नव्हतं. नवा नवा असताना कळमनुरीला एका लग्नघरात त्याचा अंदाज चुकला आणि बैठकीतला एक कोपरा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं तोच चुना, तीच पूड, तोच डिंक घेऊन रंग पुन्हा कालवला. तरी कोपरा वेगळा आला तो आलाच. आणि लग्नाला आलेला जो तो त्या कोपऱ्याकडंच बघून राहिला. अख्खी बैठक गुळगुळीत, तिकडं कोणी ढुंकून बघेना. तेव्हापासून वसराम सगळ्यांना सांगायचा, "रंग एकदाच कालवायचा, सगळ्या भिंतीपुरता. आजचा अन् उद्याचा रंग म्हंजे एका आईची दोन लेकरं. हायेत सख्खी, पण तोंडावळा येगळा."

असं बोलून जायचा आणि मग ब्रश उचलून कामाला लागायचा.

दिवाळीच्या आधी तांड्यातली सगळी घरं उजळायची. वसरामच्या घराची भिंत विटांची, पण गिलावा मातीचा, तिला चुनाच मानवायचा. आई होती तेव्हा ती सबंध भिंत एकाच रंगाची असायची. चुन्यात हिरवी पूड अगदी बेतानं टाकायची, म्हणजे कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यासारखा रंग यायचा. आईला तोच आवडायचा. आई गेल्यावरच्या दिवाळीला वसरामनं अंगणात ड्रम मांडला, चुना विझवला, गाळला आणि रंग कालवला. कमलबाई बघतच राहिली.

"एवढा कशाला? आपल्या आंगाच्या भिंतीला अर्धाच लागंल."

"भिंत लई पिते," वसराम म्हणाला.

भिंत काही एवढी पीत नव्हती. दोन मोठ्या बादल्या भरल्या होत्या. एका बादलीत त्यानं आपल्या अंगाची भिंत रंगवली, बरोबर दोन दारांच्या मधल्या खांबापर्यंत. दुसरी बादली तशीच खांबाशी ठेवली. थावरा आपल्या दारात बसून कोयत्याला नवी मूठ बसवत होता. त्यानं बादलीकडं बघितलं आणि मूठ ठोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी कमलबाईनं हिंमत केली. बादली उचलून बेबीबाईच्या दारात नेऊन ठेवली. "घे बाई, उगं वाया जाईल." आतून थावराचा आवाज आला, "ज्याची त्याला नेऊन दे." बेबीबाईनं खाली मान घालून बादली परत आणली. मग तिनं आपल्या अंगाच्या भिंतीला नुसता पांढरा चुना मारला. तेव्हापासून ते घर लांबून दिसायचं अर्धी दाढी केलेल्या माणसासारखं. रस्त्यानं जाणाऱ्या जीपवाल्यांनासुद्धा ती खूण झाली होती.

एखाद्यानं पुढच्या साली बेतानं कालवला असता. वसरामनं पुन्हा दोन बादल्या कालवल्या. त्याच्या पुढच्या सालीही तेच. चुना म्हणजे काही लोणचं नव्हे, बरणीत भरून ठेवायला. उरलेला रंग आठ दिवसांत दगड होतो. मग कमलबाई तोंडाचा पट्टा चालवत तो रंग कुठं कुठं फासायची. गोठ्याला फासला. पाण्याच्या हौदाला फासला. कोंबड्यांच्या खुराड्याला फासला. एका साली फासायला काहीच उरलं नाही म्हणून उखळाच्या भोवती फासला, आणि एका बोकडाची पाठ त्याला घासून महिनाभर हिरवी राहिली. तांड्यात कोणाचं जनावर चुकून दुसरीकडं गेलं तर लोक म्हणायचे, वसरामचं असतं तर रंगावरून कळलं असतं.

"दुनियेची घरं मोजता बराबर," कमलबाई म्हणायची, "अन् सोत्याच्या घराशी आले की डोळे फुटतात का तुमचे?"

"व्हय, फुटतात," वसराम म्हणायचा. त्याला राग यायचा नाही. तिला सगळं कळत होतं आणि तिला कळतंय हे त्यालाही कळत होतं, पण नवरा-बायकोत सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

त्याला थावराची फार आठवण यायची. आता तुम्ही म्हणाल, भाऊ शेजारच्या दारात बसलेला, त्याची कसली आठवण? पण तीच तर खरी तकलीफ. दूर गेलेल्या माणसाची वाट बघता येते. समोर बसलेल्याची वाट कशी बघणार? सकाळी तोंड धुताना थावरा खाकरायचा, ते खाकरणं वसरामला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. लहानपणी दोघं एकाच वाकळेत झोपायचे तेव्हाही तो तसाच खाकरायचा. घरात ते आपल्या गोरमाटी बोलीत बोलायचे, आणि थोरल्या भावाला भिया म्हणायचे. वसरामच्या तोंडातून हा शब्दच गेला होता. बाजारात दुसरा कोणी कोणाला "भिया" म्हणून हाक मारायचा आणि वसराम हातातला ब्रश तसाच धरून वळून बघायचा.

पुढं हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तिकडं नवी कार्यालयं, नवी घरं, सगळीकडं रंगाची कामं निघाली. वसरामच्या हाताला उसंत नव्हती. पत्र्यांच्या जागी स्लॅब आले, चुन्याच्या जागी डिस्टेंपर आला, कोणाकोणाच्या भिंती तर गुलाबी अन् जांभळ्या झाल्या. लोक म्हणायचे, वसराम, तू एवढा पेंटर, तुझ्या घराला अजून चुनाच का? तो म्हणायचा, "मातीला तोच मानवतो." पण खरी गोष्ट अशी की डिस्टेंपर मारला असता तर दोन्ही अंगं कायमचीच वेगळी झाली असती. चुन्यावर चुना तरी चढला असता. पांढऱ्यावर हिरवा चढायला कितीसा वेळ लागतो?

दरसाल दोन बादल्या, दरसाल एक उरायची. दरसाल ती खांबाशी दोन दिवस उभी राहायची, आणि थावरा आपल्या दारातून तिच्याकडं बघायचा आणि दिवाळी झाली की ट्रकात बसून निघून जायचा.

मग वसराम पडला. कळमनुरीला एका घराच्या बाहेरच्या अंगाला रंग देताना शिडी सरकली, आणि मांडीचं हाड मोडलं. सगळा उन्हाळा पायाला प्लास्टर. घरात पत्रा तापायचा म्हणून कमलबाईनं खाट कडुलिंबाखाली टाकली होती. थावरा नुकताच फडावरून आला होता. तो सकाळी खाटेजवळून जायचा, दुपारी जायचा, शेळ्या घेऊन संध्याकाळी जायचा. सगळा तांडा येऊन विचारून गेला. दोन कोसांवरच्या तांड्यातून माणसं आली. सख्खा भाऊ हातभर अंतरावरून गेला, पण "दुखतं का?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

वसराम कडुलिंबाच्या फांद्यांकडं बघत पडून राहायचा. पहिले काही दिवस पावलं वाजली की त्याचा जीव गोळा व्हायचा. आज विचारील. आता विचारील. पुढं पुढं पावलं ओळखून तो डोळे मिटून घ्यायला लागला. एकदा कमलबाईला म्हणाला, "मी मेलो तरी ह्यो यायचा न्हाई गं."

"असं वंगाळ बोलू नका."

"बोलून राहिलो कुठं? दिसूनच राहिलं."

त्या साली दिवाळीआधी त्यानं ड्रम मांडला तेव्हा पाय अजून धड झाला नव्हता. चुना विझवला, गाळला, पूड टाकली. कमलबाई सवयीनं दोन बादल्या घासून घेऊन आली. वसरामनं एकच भरून घेतली. ड्रम पालथा केला आणि पाण्यानं धुऊन काढला.

कमलबाई दुसरी बादली हातात धरून उभी. वर्षानुवर्षं जिनं अर्धाच कालवा म्हणून जीव खाल्ला, तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"यंदा एकच?"

"आपल्या आंगाला तेवढाच लागतो," वसराम म्हणाला. "अंदाज आला आता मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं उजवीकडच्या टोकापासून सुरुवात केली. पहिला हात बसला, वाळला. दुपारनंतर दुसरा हात घेतला. पाय थरथरत होता आणि त्याच्यासंगं शिडीही थरथरत होती. खालचं झालं की वर, वरचं झालं की शिडी उतरून सरकवायची, पुन्हा चढायचं. दाराच्या वरची जागा करून तो खांबाजवळ आला. बादलीत तळाशी थोडा रंग राहिला होता, आपल्या अंगापुरता. अंदाज बरोबर आला होता. आयुष्यात पहिल्यांदा घरचा अंदाज बरोबर आला, आणि त्याला इतकं वाईट वाटलं की ब्रश फिरवता फिरवता त्याचा हात थांबला.

तेवढ्यात शिडी हलायची थांबली.

"सोड गं, पडत न्हाई मी," असं म्हणत त्यानं खाली बघितलं. खाली थावरा होता. दोन्ही हातांनी शिडी धरून उभा. वरून वसरामला त्याची टाळू दिसली. केस पार पांढरे झाले होते आणि मध्ये टक्कल पडलं होतं. एवढ्या जवळून भावाला त्यानं किती वर्षांत बघितलं नव्हतं. टक्कल कधी पडलं हेही त्याला माहीत नव्हतं.

"तिकडं बी मार," थावरा म्हणाला. मान वर केली नाही.

"मारतो, भिया," वसराम म्हणाला. तो शब्द तोंडातून आला तेव्हा त्याला स्वतःचाच आवाज लहान पोरासारखा वाटला.

पण मारणार काय? बादलीचा तळ दिसत होता, आणि समोर थावराच्या अंगाची सबंध भिंत पांढरी. उद्या नवा कालवतो म्हणावं, तर उद्याचा रंग वेगळा येणार. आणि रंगाचं जाऊ द्या, उद्या थावरा उभा राहील याची काय शाश्वती? वसराम शिडीवरूनच कमलबाईकडं बघायला लागला. तिला सांगावं लागलं नाही. ती आतून कळशी घेऊन आली आणि बादलीत पाणी ओतलं. ज्या माणसानं जन्मात कोणाच्या रंगात तांब्याभर पाणी जास्त घातलं नाही, गिऱ्हाइकानं आग्रह केला तर काम सोडून उठून गेला, त्यानं मुकाट्यानं ढवळलं आणि ब्रश बुडवला.

"पुरंल का?" थावरानं विचारलं.

"पुरंल की."

खांबाच्या पलीकडं दोन हात अंतर बरं आलं. मग रंग फिका पडायला लागला. कमलबाईनं आणखी पाणी घातलं. थावराच्या दारापर्यंत पोचेस्तोवर हिरव्याची नुसती आठवण राहिली, आणि शेवटच्या कोपऱ्यात तर ओघळच ओघळ. शिडी एका जागेवरून दुसऱ्या जागी थावरा नेत होता. वसराम चढला की धरायचा, उतरला की हाताला आधार द्यायचा. बेबीबाई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

शेवटी वसराम खाली उतरून भिंतीकडं बघायला लागला. असं भिकार काम त्यानं शिकाऊ असतानाही केलं नव्हतं.

"पातळ झाला," तो ओशाळून म्हणाला. "यंदा कमी कालवला मी."

"पाह्यलं मी," थावरा म्हणाला. "दरसाली तुझ्या दोन बादल्या असायच्या. दारात बसून बघायचो. काल एकच दिसली, अन् ड्रम धुऊन टाकलास. धस्स झालं रे. रातभर डोळा लागला न्हाई. म्हनलं, वश्यानं सोडलं आता आपल्याला. म्हणून आलो."

वसराम भिंतीकडं तोंड करून उभा होता. डोळ्यांतून पाणी गालावरच्या चुन्यात उतरत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

"मग आधी काहून न्हाई आलास, भिया? एवढी वर्सं मी कालवून राहिलो व्हतो."

थावरा शिडीला टेकला. दिवाळी झाली की त्याचा ट्रक येणार होता.

"तू कालवून राहिला व्हतास म्हणूनच," तो म्हणाला. "वाटायचं, हाय अजून टैम."